पहिल्या चोवीस बाटल्या

वाइनरीच्या मालकाचा शब्द आवारात सगळीकडे चालायचा, फक्त बाटल्या भरायच्या खोलीत नाही. तिथे बावीस वर्षं मावशीचं राज्य होतं. यंत्राचं कुठलं तोंड तुंबलंय हे ती नुसत्या आवाजावरून, पाठमोरी उभी राहून सांगायची. तिच्याशी पैज लावणारे सगळे हरले होते.

आज मात्र सकाळपासून तिनं यंत्र तीनदा तपासलं होतं. आज तिच्या लेकीची वाइन भरायची होती. लेक वाइन बनवायचं शिकून आली आणि वर्षापूर्वी इथेच लागली. मालकानं तिला एक टाकी दिली, तीही कोपऱ्यातली. रस आंबायला लागला तेव्हा पोरगी टाकीला चिकटून बसली होती, जेवणाची शुद्ध नव्हती. आज येणाऱ्या बड्या खरेदीदाराला वाइन आवडली, तर पुढच्या हंगामात सगळ्या टाक्या तिच्या हाती येणार होत्या. नाही आवडली, तर कोपऱ्यातलीही जाणार होती.

गेटच्या आत मात्र मायलेकींचं नातं बंद. "इथे मी सगळ्यांसारखी तुझीही मावशी. उद्या कुणी म्हणायला नको, आपला तो बाब्या," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नातं सगळ्यांनाच ठाऊक होतं, तरी लेकीनं वर्षभर नियम पाळला.

मालक पाहुण्याला घेऊन आला आणि यंत्र सुरू झालं. बारा तोंडांखाली बारा बाटल्या भरल्या, बुचं बसली. मालकानं झडप घालून पट्ट्यावरची पहिलीच बाटली उचलली.

"ही पहिली! पाहुण्यांच्या हस्ते हीच उघडायची."

मावशीनं लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं.

"ती खाली ठेवा, साहेब. पहिल्या चोवीस बाद असतात."

यंत्र सकाळीच गरम पाण्यानं धुतलं होतं. नळ्यांच्या वळणांत थोडं पाणी उरतंच आणि ते पहिल्या बाटल्यांत उतरतं. मालकाला हे माहीत हवं होतं, पण तो या खोलीत यायचा फोटोपुरता. लेकीला माहीत होतं, पण मालकापुढे तिची बोबडी वळली होती.

"मावशी, दोन थेंब पाण्यानं काय आभाळ कोसळतंय? पाहुण्यांसमोर शोभतं का हे?"

"या पोरीनं वर्षभर वाइनमध्ये पाण्याचा थेंब पडू दिला नाही. आता शेवटच्या पायरीवर तुम्ही घालू नका. मला घरी पाठवायचं तर खुशाल पाठवा, पण ही बाटली या खोलीबाहेर जायची नाही."

तिनं ती त्याच्या हातातून काढूनच घेतली. यंत्र पुन्हा लावलं, ती धरून चोवीस बाटल्या मोजून बाजूला केल्या, यंत्र थांबवलं आणि पंचविसावी पाहुण्याच्या हातात दिली.

पाहुणा कमी बोलणारा होता. त्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पेला उजेडाकडे धरला. मग त्यानं पहिली बाटलीही उघडायला लावली, चाखली आणि पेला दूर सारला.

"ही प्यायलो असतो, तर पुन्हा इकडे फिरकलो नसतो. पंचविसावीपासून पुढच्या सगळ्या मला द्या," तो म्हणाला. "आणि या बाई कोण?"

मालकाला एकदम हसू फुटलं. "या होय? या आमच्या मावशी..."

"माझी आई आहे," लेक म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की पलीकडे खोकी बांधणाऱ्या बायांचे हात थांबले.

मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "कामावर मावशी म्हणायचं," असं तिनं दटावलं खरं. मग सगळ्यांकडे पाठ फिरवून हिरवं बटण दाबलं. यंत्र धडधडू लागलं आणि त्या आवाजात तिनं मनसोक्त रडून घेतलं.