माझ्या मांडीवरचं काटेरी बोंड

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि या घडीला माझ्या मांडीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं आहे. घाबरू नका, ते मला टोचत नाही. ते तुमच्यासाठी आहे. इथली माणसं फार सभ्य. 'या खुर्चीवर बसू नका' असं पाहुण्याला तोंडावर कसं सांगायचं? म्हणून ती खुर्चीवर काटे ठेवतात आणि हसून म्हणतात, "वेलकम!"

एडिनबराच्या एका चढावरच्या घरात मी राहते. एल्स्पेथ ड्रमंड नावाच्या कादंबरीकार बाईंनी मला मुद्दाम करवून घेतलं. अंग ओकच्या लाकडाचं, गादी घोड्याच्या केसांनी भरलेली. एल्स्पेथबाई माझ्यात बसून लिहायच्या, आणि सुचेनासं झालं की माझा डावा हात नखानं कुरतडायच्या. माझा डावा हात तेव्हा पाहिला असतात तर बाईंना किती वेळा सुचलं नाही, ते कळलं असतं.

जाताना बाई हे घर लिहिणाऱ्यांसाठी ठेवून गेल्या. तेव्हापासून इथं लेखक येऊन राहू लागले. महिनाभर खोली, जेवण आणि कुणी त्रास द्यायचा नाही. याला रेसिडेन्सी म्हणतात. आता खरं सांगू? कुणी त्रास दिला नाही की लेखकांना फार त्रास होतो. एक गृहस्थ दिवसभर माझ्यात झोपायचे आणि जिन्यावर पाऊल वाजलं की पेन उचलायचे. एक बाई सकाळी रडायच्या, दुपारी केक खायच्या, संध्याकाळी घरी फोन करून 'काम जोरात चाललंय' म्हणायच्या. कोण किती बसलं आणि त्यानं किती लिहिलं, हा हिशेब मी मनात ठेवत आले. तो एकदाही जुळला नाही.

पण प्रत्येकानं माझ्याजवळ एक गोष्ट ठेवली. आपलं वजन. त्या वजनांनी माझ्या गादीत एक खोलगट जागा झाली. कुणीही बसलं की ती त्याला सामावून घ्यायची. मला त्या खळग्याचा फार अभिमान होता.

मग दीक्षा आली. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये जन्मलेली, चाळिशीची, आईचं आयुष्य लिहायला बसलेली. आठवडाभर तिनं नुसती नखं खाल्ली. शेवटी तिनं आईलाच बोलावून घेतलं. कांताबाई आल्या. हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभं आयुष्य गेलेलं, गुडघे दुखणारे. आल्या त्या सरळ कार्पेटवर बसल्या.

"आई, खाली काय बसतेस? कार्पेट डॅम्प आहे. हा खुर्ची आहे ना केवढा मोठा!"

"हा नाही, ही. आणि ती त्या लेखिकाबाईंची आहे. मी इथं बरी."

"शी इज डेड, आई!"

"मग तर जास्तच विचारून बसायला पाहिजे."

"खाली बसलीस तर तुला उठवणार कोण? मीच ना?"

हे मात्र कांताबाईंना पटलं. बस-स्टॉपवर बसतात तशा त्या माझ्या काठावर टेकल्या. दोन-तीन दिवसांनी पाठ टेकली. नंतर तर पाय वर घेऊन मांडी घालून बसू लागल्या. मराठी मी त्यांच्याकडूनच शिकले. तोवर त्यांनी लेकीला एकच गोष्ट सांगितली होती: "इथं आलो, लाँड्रीत लागले, तू झालीस. संपलं." माझ्यात मांडी घालून बसल्यावर मात्र त्या मागे मागे जाऊ लागल्या. क्रॉयडनच्याही मागे, पार हिंगणघाटजवळच्या आपल्या खेड्यात.

"शाळेत आम्हाला दाराबाहेर बसवायचे, चपलांशेजारी," त्या म्हणाल्या. "तिथून फळा अर्धाच दिसे. अर्धी बेरीज दिसायची, उत्तर नाहीच. एकदा मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. गेले आत. मास्तरांची खुर्ची होती, अशीच, हातांची. बसले तिच्यात. पाय काही जमिनीला पोचेनात. पण फळा! केवढा मोठा होता गं तो! मी बघतच राहिले आणि तेवढ्यात मास्तर दारात."

दीक्षाचं पेन थांबलं. "मग? काय म्हणाले?"

"आधी चहा टाक. घसा कोरडा पडला."

दीक्षा खाली चहा टाकायला गेली आणि घरानं दगा दिला. छपराच्या दगडी पाट्या कधीच्या फुटल्या होत्या, पाणी आत मुरत होतं. जिन्यावरच्या छताचा गिलावा धाडकन खाली आला. कुणाला लागलं नाही, पण संध्याकाळपर्यंत घराला कुलूप लागलं. मायलेकी बॅगा घेऊन क्रॉयडनला गेल्या. गोष्टीतले मास्तर दारातच उभे राहिले.

मग घराची दुरुस्ती सुरू झाली. कामं चांगली झाली, उगाच नावं ठेवणार नाही. नव्या पाट्या बसल्या, चुन्याचा गिलावा झाला, ओल गेली. पण एका समितीनं ठरवलं, की घर एल्स्पेथबाईंच्या काळात होतं अगदी तसंच दिसलं पाहिजे. त्यांच्यानंतर जे जे झालं, ते सगळं काढून टाकायचं. भिंतींचे रंग खरवडले. नंतरच्या लेखकांनी ठोकलेले खिळे उपटले. माझी गादी उसवून नवे केस भरले. खळगा गेला. डाव्या हाताचे ओरखडे लाखेनं बुजवले, म्हणजे बाईंचीही आठवण गेलीच. सगळ्यांनी वाहवा केली. "नव्यासारखी दिसते!" माझ्यासारख्या म्हातारीला यात कसलं आलंय कौतुक? मग मांडीवर हे बोंड आलं. लेखक आता मागच्या नव्या खोलीत चाकांच्या खुर्चीत बसतात.

घर लोकांना बघायला उघडलं, तशा कांताबाई आल्या. काठी टेकत, लेकीच्या हाताला धरून, फारच वाळलेल्या. दार ओलांडतानाच त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांना बोंड दिसलं.

दीक्षा गाइडबाईंना, मोरागला, इंग्रजीत विनवू लागली, "दोन वर्षं मी आईला फोनवर विचारतेय, पुढे काय झालं. ही म्हणते, गोष्ट त्या खुर्चीत सुरू केली, तिथंच संपवणार. पाच मिनिटं बसू द्या."

मोरागचा चेहरा लाल झाला. "कळतंय मला, डिअर. पण ती ओरिजिनल आहे." वाईट बाई नव्हती ती. धावत जाऊन तिनं एक घडीची खुर्ची आणली. कार्पेटही ओरिजिनल, म्हणून ती खुर्ची मांडली दाराबाहेर.

कांताबाईंनी तिकडे बघितलं. "दीक्षा, बघ. जागा तीच दिली." आणि हसल्या. मी आयुष्यभर माणसांचं हसणं ऐकलंय. हे हसणं नव्हतं.

"आई, प्लीज. इथंच सांग ना. मी उभी राहते."

"नाही गं. चल, खाली कॅफे आहे ना? आज मी तुला चहा पाजते." दारातून वळून त्या मला म्हणाल्या, "जय भीम, बाई. छान दिसतेस हो."

गेल्या शरदात दीक्षा एकटी आली. हातात छापलेलं पुस्तक. मोरागनं ओळखलं. "आई कशा आहेत?"

"शी पास्ड. मार्चमध्ये." पुस्तक दाखवत ती म्हणाली, "पुस्तकात मास्तर अजून दारातच आहेत."

मोरागनं मागेपुढे पाहिलं. मग हळूच माझ्या मांडीवरचं बोंड उचललं. "बसा तुम्ही."

दीक्षानं मान हलवली. "बसायचं मला नव्हतं."

मोरागनं बोंड होतं तिथंच ठेवलं.

मित्रांनो, मला उत्तम जपलंय, माझी तक्रार नाही. जुन्या वस्तू तुम्हीही जपा. पण तुमच्या घरातली चांगली खुर्ची पाहुण्यांसाठी झाकून ठेवली असेल, तर आज तिच्यावरचं कापड काढा. घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला तिच्यात बसवा, त्याची गोष्ट पुरी होऊ द्या, आणि चहा नंतर टाका.

दारात आलेले मास्तर काय म्हणाले असतील? मी रोज विचार करते. 'ऊठ' म्हणाले असतील, की 'बस'? मला विचाराल, तर खुर्चीला एकच शब्द ठाऊक असतो. पण मला तोंड नाही. मांडी आहे, आणि तिच्यावर काटे ठेवलेत.