सी हम्मादींचा एक तास

कासाब्लांकातल्या आमच्या औषधांच्या गोदामात दोन गोष्टींना कुणी हात लावत नसे: फ्रीजमधल्या इन्सुलिनला आणि सी हम्मादींच्या, म्हणजे हम्मादीसाहेबांच्या, सर्व्हरना. सगळ्या मालाचा डेटाबेस ते अठरा वर्षं डेबियनवर चालवत होते. संगणक चालवणारी लिनक्स एकच, पण ती बांधून देणारे पुष्कळ. त्यातली डेबियन फुकट, आणि सी हम्मादींच्या मते बाकीच्या सगळ्या नटव्या. मी खरेदीखात्यात. फुकटच्या वस्तूसाठी कुणी माझ्याकडे सही मागत नाही, त्यामुळे माझाही तिच्यावर जीव.

यंदा सर्व्हर बदलायचे होते आणि रमजानआधी सी हम्मादी निवृत्त होणार होते. नव्या यंत्रांवर पुन्हा डेबियन, की विकतची रेड हॅट? डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या मान्य यादीत रेड हॅट होती, डेबियन नव्हती. म्हणजे काही अडलं तर एकीकडे कंपनीचा माणूस फोन उचलणार, दुसरीकडे सी हम्मादी. डायरेक्टरबाईंनी निर्णय त्यांच्यावरच सोपवला.

त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेल्या बुतैनाच्या पर्समध्ये मात्र रबातच्या एका बँकेचं नोकरीचं पत्र होतं. घरी दोन लहान मुलं. डेबियन राहिली तर सगळा भार हिच्या एकटीवर, मग ती जाणार. हे तिनं मला सांगितलं आणि वर शपथ घातली. ज्यांनी शिकवलं त्यांना तुमची लाडकी डेबियन नको असं कसं सांगायचं, हा तिचा पेच. मी म्हटलं, "न सांगता रबातला गेलेली चालेल होय?" तिनं माझ्या चहात न मागता साखर घातली. म्हणजे गप्प बसा.

आता घड्याळाचं सांगतो. रमजानच्या तोंडावरच्या रविवारी आमच्याकडे घड्याळं तासभर मागे जातात. सुरुवातीला संगणकांना हे कळत नसे, म्हणून सी हम्मादींनी अकरा ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. तो सर्व्हरचा तास मागे घेई. इन्सुलिन फ्रीजमधून किती वाजता निघालं ही वेळ चुकली तर औषधवाले अख्खी पेटी परत पाठवतात, तेव्हा काम साधं नव्हे. त्या रविवारी सकाळी ते पायघोळ जेलाबा घालून, गरम स्फंज, म्हणजे आमचे तळलेले गोल वडे, घेऊन येत, मनगटावरचं घड्याळ पडद्यावरच्या वेळेशी जुळवत आणि म्हणत, "घेतला मागे." बुतैना शेजारी बसून स्फंज खाई.

तोच प्रोग्राम नव्या यंत्रांवर न्यायला त्यांनी फाइल उघडली. मी मागणीपत्र घेऊन समोरच होतो. अकराही ओळींआधी एकेक फुली होती. अशी खूण असली की यंत्र ती ओळ वाचतच नाही. खाली बुतैनाचं नाव आणि पाच वर्षांपूर्वीची तारीख.

बुतैनाला बोलावणं गेलं. तिनं खाली बघत सांगितलं की डेबियनला रमजानचा बदल आता आपोआप कळतो. वर हा प्रोग्रामही चालला असता तर घड्याळ दोन तास मागे गेलं असतं.

"मग पाच वर्षं मी काय मागे घेत होतो?"

"मनगटावरचं घड्याळ," ती म्हणाली. "आणि स्फंज गरम असायचे, सी हम्मादी."

त्यांनी त्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पोरी, आणखी काय काय सांगितलं नाहीस?"

बुतैनानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. माझं छताकडे पाहणं सी हम्मादींनी अठरा वर्षं पाहिलेलं होतं. शेवटी तिनं पर्समधून पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि माझ्या हातातलं मागणीपत्र ओढून घेतलं. रेड हॅट, दोन सर्व्हर, तीन वर्षांच्या मदतीसह. कारणाच्या रकान्यात लोक मला काय वाटेल ते लिहून देतात. यांनी लिहिलं: फोन उचलणारा माणूस निवृत्त होत आहे.

बुतैना रबातला गेली नाही. नवी यंत्रं रमजानआधी लागली, आणि त्या रविवारी सी हम्मादी नेहमीसारखे स्फंज घेऊन हजर. पडद्यावरची वेळ बरोबर होती. त्यांचं मनगटी घड्याळ मात्र तासभर पुढेच.

"विसरलात?" मी विचारलं.

"आज मी कुठे कामावर आहे?"

बुतैनानं हात पुसले, त्यांचं मनगट धरलं आणि काटा हळूच फिरवला.

"घेतला मागे," ती म्हणाली.