बुजवलेल्या खाचा

मित्रांनो, मी किल्ल्याच्या दारामागचा एक जुना अडसर आहे. दार लागलं की आतून आडवं पडायचं, एवढंच या लाकडी वाशाचं काम.

पण आमच्या पहारेकऱ्याची एक रीत होती. शिपाई लढाईला निघाला की तो माझ्या अंगावर चाकूने एक खाच पाडायचा आणि शिपाई परतला की ती मेणाने बुजवायचा. तेव्हा त्याचा चेहरा असा फुलायचा, की वाटे, देवाने मला लाकूड केलं ते याच क्षणासाठी!

शेवटच्या लढाईत किल्ला पडला. पहारेकरीही गेला. अंगावर अठ्ठावीस उघड्या खाचा घेऊन मी ढिगाऱ्यात पडून राहिलो. तिथे दरवर्षी एक मुलगी यायची. आधी आईचं बोट धरून, मग एकटी, मग काठी टेकत. चाचपत चाचपत एक तिरकी खाच शोधायची आणि तीत बोट घालून बसायची. ती तिच्या वडिलांची खाच.

पुढे किल्ला पुन्हा बांधला. सुतारमिस्त्रींनी मला उचललं, तासलं, जीव ओतून रंगवलं. नव्या दारापाशी मी दिमाखात उभा राहिलो.

म्हातारी नातीला घेऊन आली. तिने माझ्यावर हात फिरवला आणि ती थबकली.

"खाचा कुठे गेल्या रे?"

"बुजवल्या की, आजी! एक भोक ठेवलं नाही," मिस्त्री हौसेने म्हणाले.

"अरे, माणूस परत आला तरच बुजवायची असते ती."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. दाखवा कुठली, आत्ता उकरून देतो."

तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. तिचा तळवा दोनदा त्या जागेवरून गेला. मी आतून ओरडत होतो. पण लाकडाचं कोण ऐकतं?

"बोटाला कळायची रे," ती म्हणाली. "आता नाही कळत."

नात हळूच म्हणाली, "आजी, असं समज, पणजोबा घरी आले."

"कुठे आले गं?"

त्यानंतर ती आली नाही. येणारे-जाणारे मला कुरवाळून म्हणतात, "काय गुळगुळीत आहे!"

मित्रांनो, जुन्या वस्तूवर व्रण दिसला, तर तो बुजवण्याआधी कुणाला तरी विचारा. माझ्या त्या अठ्ठावीस जणांतलं कुणीच परतलेलं नाही. पण माझ्याकडे पाहून आता ते कुणालाही कळायचं नाही.