साण्याखालची हंडी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची हंडी आहे. पूर्वी लग्नाच्या मांडवात आम्हांला साखळ्यांनी टांगत. पोटात पाणी, पाण्यावर तेलाचा थर आणि त्यात तरंगती वात. कुरुंद्याच्या उत्तमरावांच्या लग्नात मी अशीच उजळले होते. माणसं मान वर करून माझ्याकडे बघत आणि मला वाटे, उजेडाबद्दल मला सगळं कळतं.

मग घरोघर कंदील आले. माझी साखळी तुटली आणि मी कोठीत ज्वारीच्या कणगीमागे धूळ खात पडले.

तिथून मला बाहेर काढलं ते पंचफुलाबाईंच्या दुखण्यानं. त्या उत्तमरावांच्या पत्नी. मळ्यातल्या विहिरीवर त्यांचा भारी जीव. काम संपलं तरी काठावर बसून पाण्यातल्या मासोळ्या बघत राहायच्या. तिथंच एके दिवशी पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं ते बसवलं, यथावकाश जुळलंही. पण बाई उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

"हाड बराबर हाय," वैद्य म्हणाला. "आता औषध न्हाई. बाईच्या मनानं घेतलं पाहिजे."

उत्तमरावांनी मला राखेनं घासलं, विहिरीवर नेलं. माझ्या तळाशी वाळू पसरली, विहिरीचं पाणी भरलं, वाळूत हिरव्या शेवाळाचे लांब झुपके रोवले आणि बोटाएवढ्या मासोळ्या सोडल्या. मला बाजेजवळ ठेवून ते म्हणाले, "तुला विहिरीवर येता येईना, म्हणून विहीर घेऊन आलो बघ."

पंचफुलाबाईंनी मान वळवली.

ते १९४८ साल होतं. निजामाच्या राज्यात जिकडेतिकडे धास्ती होती. कोण कधी घरात घुसेल याचा नेम नव्हता. म्हणून लोकांनी खिडक्या बंद केल्या होत्या. मातीच्या माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक, ज्याला आमच्याकडे साणं म्हणतात, तेही फरशीनं झाकलं होतं. त्या अंधारात शेवाळ पिवळं पडून गळू लागलं.

उत्तमरावांनी मला दिवसभर अंगणातल्या उन्हात ठेवून पाहिलं. पाणी हिरवंगार, गढूळ झालं. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या आणि एक उलटी तरंगली. मग पाणी बदलून त्यांनी गॅसबत्ती आणली. ती फुसफुसत राहिली, पाण्यात किडे पडले, आणि माझी काच अशी तापली की तडा जाईल असं वाटलं.

"राहू द्या," पंचफुलाबाई म्हणाल्या. "साणं उघडा."

"तिथून कोणीबी आत उतरंल."

"मग मासोळ्यांना काहून आणलं? अंधारात माराया? मी पडून राहिले तेवढं बस न्हाई का?"

शेजारचे मसाजी धनगर दूध घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "वैनी बराबर बोलून राहिल्या. उघडं असेस्तोवर मी कुत्र्याला घेऊन माळवदावर बसतो. मग लावू फरशी."

दुपारी फरशी सरकली. छतातून उन्हाचा एक सरळ खांब उतरला आणि माझ्या आरपार गेला. धुळीचे कण त्यात सोन्यासारखे फिरू लागले. वाळूचा कण न् कण दिसू लागला, मासोळ्यांच्या अंगातले काटेसुद्धा.

थोड्या दिवसांत शेवाळाला नवे कोंब आले. आणि एका दुपारी त्या कोंबांच्या टोकांवर बारीक मोती धरले. एक सुटला, वर गेला, फुटला. मागोमाग दुसरा. मग माळच लागली. माझ्या पोटात पूर्वी कितीतरी वाती जळल्या होत्या, पण असं काही घडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अवो, ह्ये पान श्वास सोडून राहिलं," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या.

उत्तमराव बघतच राहिले. वरून मसाजींनीही डोकावलं आणि त्यांची सावली पाण्यावर पडली. माळ थांबली.

"मसाजीभाऊ, सरका. उजेड अडला." असं म्हणताना पंचफुलाबाई उठून बसल्या होत्या. सावली हटली, पुन्हा मोती सुटू लागले. ते पलीकडच्या बाजूनं बघायचे म्हणून त्यांनी पाय जमिनीवर टेकवले, भिंत धरली आणि माझ्याभोवती चालत गेल्या. उत्तमराव हात पुढे करून मागे मागे होते. पण त्यांनी हात लावला नाही.

पुढं उजेडाचं सगळं त्याच पाहू लागल्या. ऊन पलीकडच्या भिंतीवर चढलं की दिवसाचा उजेड पुरे झाला, म्हणून मला ओल्या फडक्यानं झाकत. पाणी पुन्हा गढुळलं नाही. पावसाळा सरला, गावावरची धास्ती गेली, साण्यावरची फरशी कायमची निघाली. पंचफुलाबाई मला कमरेवर घेऊन ताजं पाणी आणायला विहिरीकडे निघाल्या. लंगडत, पण आपल्या पायांनी.

मित्रांनो, पाण्यातला जीव घरी आणाल तर त्याला उन्हात टाकून विसरू नका, अंधारातही कोंडू नका. त्याला किती उजेड सोसतो ते जवळ बसून बघा. आणि एखाद्या दुपारी पानावर मोती धरताना दिसले, तर सावली न पाडता, गुपचूप बघत राहा.