साहेबरावांच्या परसातली हिरवळ

मी नांदेडच्या एका परसातली हिरवळ बोलतेय. सरजाबाईंच्या मागच्या दारापासून बोळाच्या भिंतीपर्यंत, वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद, एवढंच माझं राज्य. शेतकऱ्याला विचाराल तर तो मला हराळी म्हणेल, वर दोन शिव्याही हासडेल. खोटं कशाला बोलू? मी त्याच कुळातली, फक्त जरा बारीक पानांची.

माझा जन्म मात्र विष्णुपुरीच्या एका कॉलेजाच्या आवारात झाला. सरजाबाईंचे यजमान साहेबराव तिथे एकतीस वर्षं माळी होते. पाईप खांद्यावर टाकून ते सकाळी यायचे आणि माझ्यावरून अनवाणी चालायचे. पायाला जिथं टोचलं, तिथं वाकून लव्हाळ्याची गाठ उपटायचे. समारंभ असला की माझ्यावर खुर्च्या मांडल्या जात, फोटो निघत. साहेबराव त्या फोटोंत नसायचे; ते कुठंतरी पाईप गुंडाळत असायचे. मला त्यांच्या तळव्यांची ओळख होती. चेहरा मी फार उशिरा नीट पाहिला.

निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढू लागला, बोलणं बोबडं झालं. शब्द अडकला की समोरचा "काय? काय?" करायचा. म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. घराबाहेर पडणंही सोडलं. मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. समोर घर बांधताना उरलेले विटांचे तुकडे, खडी आणि रानटी बाभळीचं एक झुडूप. दोन वर्षं ते तेवढंच बघत बसले.

त्यांची मुलगी बुद्धप्रिया शिक्षिका आहे. फेब्रुवारीत ती आईला म्हणाली, "आई, बाबांच्या समोर हिरवळ लावू. माणसं लावायची न्हाईत, आपणच करू."

"कर बाई. पर त्यांना इचार एकदा," सरजाबाई म्हणाल्या.

विचारलं तर साहेबरावांनी मान फिरवली.

तरी शनिवारी सकाळी लातूरहून तिचा भाऊ धम्मदीप आला. साहेबरावांचे बालमित्र ग्यानोबा लोह्याकडून ट्रॉलीभर लाल माती घेऊन आले. दिवसभर त्यांनी राडारोडा उपसला, वीतभर काळी माती काढली, लाल माती आणि शेणखत कालवून भरलं. साठी उलटलेल्या सरजाबाई घमेली उचलत होत्या. धम्मदीप नको म्हणाला तर म्हणाल्या, "रोजानं जाऊन रस्ते केले म्या. हे तर घरचं अंगण हाय."

रविवारी दुपारी मी आले. व्यंकट नावाचा देगलूरकडचा माणूस साहेबरावांच्या हाताखाली शिकून आता कॉलेजात माळी आहे. त्यानं परवानगी काढून माझ्या मुळ्या दोन पोत्यांत भरून आणल्या. ग्यानोबांनी पोत्यात डोकावलं आणि हसत सुटले.

"आरं सायबराव, जल्मभर आम्ही हराळी खंदून बांधावर फेकली, अन् तुझी लेक पोत्यानं आणून लावून राहिली!"

साहेबरावांचा ओठ हलला. हसू होतं की नव्हतं, कळलं नाही.

तोवर धम्मदीपनं फळी फिरवून जमीन सारखी केली होती. "आता हिच्यावर कॅरम खेळा," तो खुशीत म्हणाला.

साहेबराव खुर्चीत चुळबुळ करू लागले. काहीतरी पुटपुटले. सरजाबाईंना वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी तांब्या डाव्या हातात दिला. साहेबराव प्यायले नाहीत. चौकटीला खांदा टेकवून ते उठले आणि तांब्यातलं पाणी समोरच्या मातीवर ओतलं. पाणी क्षणभर थबकलं. मग हळूहळू मागे वळलं आणि घराच्या भिंतीकडे निघालं.

"उ... उतार," साहेबराव म्हणाले.

व्यंकटनं कपाळावर हात मारला. "मामा बरोबर हायेत. पावसाळ्यात सगळं पाणी सैपाकघरात यील. तुम्हीच शिकवलेलं, मीच इसरलो."

धम्मदीप मात्र चिडला. "म्हंजे सगळं पुन्हा उकरायचं? मला उद्या कामावर जायचंय. बाबा, इतकं तर चालतं ना?"

साहेबराव त्याच्याकडे वळले. मग एकेक शब्द ओढत म्हणाले, "माझ्या हातनं... असं काम... कधी गेलं न्हाई."

दोन वर्षांत त्यांनी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. कुणीही "काय?" म्हणालं नाही.

धम्मदीप फोन घेऊन बोळात गेला, रजा वाढवून परत आला आणि त्यानं फावडं उचललं. "कुठून घेऊ, बाबा?"

पुढचे दोन दिवस साहेबराव डाव्या हातातल्या काठीनं दाखवत होते आणि बाकीचे राबत होते. मी ओल्या गोणपाटात दम धरून होते. मंगळवारी उतार मनासारखा झाला, तेव्हा त्यांनी धम्मदीपला खुणावलं. त्यानं मागून धरून त्यांना मातीत बसवलं. डाव्या हातानं त्यांनी माझी पहिली मुळी लावली. वाकडी गेली. काढली, पुन्हा लावली. चार बोटं सोडून दुसरी. त्या वेळी ते इतके खाली वाकले होते, की त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा जवळून पाहिला. कपाळावर घाम होता आणि डोळे कामात गुंतलेले. मग एका बाजूला बुद्धप्रिया बसली, दुसऱ्या बाजूला ग्यानोबा, आणि त्यांच्याकडे बघत सगळ्यांनी मला लावलं. शेवटी मुळ्या मातीत दाबायला पाण्यानं भरलेला पिंप माझ्यावरून लोळवला.

आठवड्यानं मी पिवळी पडले. बुद्धप्रियाचा जीव कासावीस झाला. "मेली वाटतं, बाबा."

"थांब," ते म्हणाले.

बाराव्या दिवशी मी कोंब काढले. ऑगस्टात तीन दिवस पाऊस कोसळला, पण सरजाबाईंच्या स्वयंपाकघरात थेंब आला नाही.

साहेबरावांची उजवी बोटं अजून उघडत नाहीत. पण रोज सकाळी ते काठी टेकत माझ्यावरून फिरतात आणि डाव्या हातानं लव्हाळा उपटतात. शेजारची रुद्राणी विचारते, "काका, आमच्या दारात येईल का ही?" तिला ते थांबत थांबत, पण शेवटपर्यंत उत्तर देतात. एकतीस वर्षं मी त्यांना नुसता कामाचा माणूस समजत होते. काम म्हणजे काय, हे मला त्यांचा एक हात गेल्यावर कळलं.

गेल्या आठवड्यात धम्मदीपचा फोन आला. लातूरच्या घरासमोर त्यालाही हिरवळ हवी होती. साहेबरावांनी माझ्या कडेचा एक तुकडा खुरप्यानं कापला आणि ओल्या फडक्यात गुंडाळला. सरजाबाई म्हणाल्या, "व्यंकटच्या हाती पाठवू."

"मी जातो," साहेबराव म्हणाले. "तू बी चल."

दोघं एसटीनं गेले. बुद्धप्रियाची शाळा असते, म्हणून पाणी घालायचं काम रुद्राणीकडे आहे. ती पोर कधीकधी विसरते. कडेनं मी थोडी सुकलेय.

तुम्ही लातूरकडे जाणार असाल, तर साहेबरावांना माझा निरोप सांगा. मी बरी आहे म्हणावं. परत यायची मुळीच घाई करू नका.