गारव्याची जागा

“आजी, तुमच्या घरात एसी आहे का?” मोबाईलवरची नजर न काढता राजसीने विचारलं.

कौसाबाई जीन्सचे धागे कापत बसली होती. तिने कात्री खाली ठेवली आणि डोक्यावरच्या पत्र्याकडे बघितलं. उंबऱ्यावर बसलेली शेजारीण बनूबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

“एसी? अगं पोरी, त्यांचा पंखासुद्धा काठीनं ढकलल्याशिवाय फिरत नाय!”

राजसी हसली नाही. ती एका संशोधन संस्थेत कामाला होती. उल्हासनगर कॅम्प चारमधली पत्र्याची घरं उन्हाळ्यात किती तापतात, हे तिची संस्था मोजत होती. हे आकडे सरकारच्या उष्णतेच्या आराखड्याला जाणार होते आणि ज्या गल्ल्या जास्त तापतात त्यांच्या पत्र्यांवर आधी ऊन परतवणाऱ्या रंगाचा पांढरा थर चढणार होता. एका गल्लीत तापमान नोंदवणारी एकच पेटी लावायची होती, साबणाच्या वडीएवढी. गल्लीतल्या बायकांनी कौसाबाईचं नाव सुचवलं, कारण तिचं घर नीटनेटकं आणि घरात लहान पोर नाही.

“भर मे महिन्यात, दुपारी, तुमची पेटी तीसच्या आत दाखवतेय. बाहेर चाळीस आहे. असं कसं होईल?” राजसीने मान वर केली. खाटेवरच्या भिंतीतला खिळा रिकामा होता. “आजी, मी पेटी इथे लावली होती ना?”

“जपून ठेवलीय की,” कौसाबाई म्हणाली. ती मोरीपाशी गेली आणि माठाखाली अंथरलेल्या ओल्या पोत्यावरून पेटी उचलून घेऊन आली. पदराने पुसून तिने ती राजसीच्या हातात दिली. “तू गेलीस तशी लगेच काढली. वर पत्रा किती तापतो! तुझं मशीन नाजूक. बिघडलं तर तुझे साहेब तुला बोलायचे. म्हणून घरातली सगळ्यात गार जागा दिली तिला.”

राजसी खाटेच्या कडेला बसली. तिला रागावता येईना.

“काय चुकलं का गं?”

“आजी, मशीनला गरम व्हायचंच होतं. या आकड्यांवर तुमची गल्ली थंड ठरेल. पहिल्या यादीत नाव येणार नाही.”

बनूबाईचं हसू थांबलं. “म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पण असंच भाजायचं?”

“पेटी आत्ता परत लावते. पाऊस येईपर्यंत थोडे दिवस मिळतील. पण तेवढ्यावर भागणार नाही. घरातली माणसं काय सांगतात तेही जोडावं लागतं. आणि तुमच्या गल्लीने काय सांगितलंय ऐका.” राजसी मोबाईलवर वाचू लागली. “दुपारी झोप लागते का? लागते. चक्कर येते का? नाही. गरमीचा त्रास? काही नाही, बरं आहे. सगळ्या घरांत हेच.”

“मग काय सांगायचं?” बनूबाई म्हणाली. “तू उन्हाची आलेली, घामाघूम झालेली. तुला पाणी द्यायचं का आपलं रडगाणं गायचं?”

राजसीने कौसाबाईकडे बघितलं. “आजी, आता खरं सांगा. दुपारी तुम्ही आणि आजोबा काय करता?”

खाटेच्या दुसऱ्या टोकाला कौसाबाईचा नवरा धोंडिबा पांढऱ्या सदऱ्याची बटणं लावत होता. त्याचा हात तिसऱ्या बटणावर थांबला.

दुपारी ती दोघं कुठे जातात हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ती मागच्या रस्त्यावरच्या सिंध्यांच्या दरबारात, म्हणजे त्यांच्या देवळात, भजनाला जात. धोंडिबाने अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलरवर उमर काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याबरोबर धाप तेवढी घरी आली. दोन वर्षांमागे दवाखान्यातून परतताना त्याला उन्हात चालवेना. कौसाबाईने त्याला दरबाराच्या दारात टेकवलं. आतल्या सेवकाने त्याला धरून आत नेलं आणि संगमरवरी फरशीवर बसवलं. वर मोठे पंखे होते. थोड्या वेळाने धोंडिबा बसल्या जागी झोपला. कितीतरी दिवसांनी त्याचा श्वास असा चालला होता, एकसारखा. दुसऱ्या दिवशी ती दोघं आपणहून गेली, तिसऱ्या दिवशीही गेली.

जन्मात देवापुढे नीट हात न जोडलेला माणूस टाळ्यांचा ठेका शिकला. तिथला सेवक लछूभाई त्याला भगत म्हणू लागला. खांबाजवळची, पंख्याखालची जागा त्याच्यासाठी राखू लागला. मग गल्लीही भगत म्हणू लागली, आधी चिडवायला, मग खरंच. कारखान्यात त्याला सगळे ‘ए बॉयलर’ अशी हाक मारत. या वयात नवं नाव मिळालं आणि ते त्याला आवडलं. सदरा तो स्वतःच्या हाताने धुवायचा.

कौसाबाईला हे सगळं माहीत होतं. बनूबाईची जीभही माहीत होती. इथे बोललं की संध्याकाळपर्यंत कॅम्पभर होणार. नाही बोललं तर गल्ली थंड ठरणार, आणि पलीकडच्या खोलीतली बाळंतीण पुढच्या उन्हाळ्यातही पोराला पत्र्याखाली निजवणार.

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही.

“आम्ही देवाला जात नाय गं ताई,” कौसाबाई म्हणाली. “फरशीला जातो. इथं ह्यांना श्वास घेता येत नाय. देवाचं नाव पुढं केलं, एवढंच.”

बनूबाईने पदराने तोंड पुसलं, मग गळा पुसला.

“माझं उत्तर पण खोड,” ती हळू आवाजात म्हणाली. “झोप लागते म्हटलं होतं ना मी? नाय लागत. जेवण झालं की मोरीत बसते, ओलं पातळ गुंडाळून. सून कारखान्यातून यायच्या आत सुकं नेसते. तिला वाटतं म्हातारी आराम करते.”

राजसीने दोघींचं बोलणं टिपून घेतलं. मग पेटीला दोरी बांधून तिने ती खिळ्याला टांगली. “आता हात लावू नका. आणि नेहमीसारखं राहा. जायचं तिथे जा.”

“चल,” बनूबाई उठली. “तुला एकटीला कोण खरं सांगणार नाय. मी बसते शेजारी, बघू कोण ‘बरं आहे’ म्हणतंय ते.”

त्या दोघी गेल्यावर खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. धोंडिबाने लावलेली बटणं एकेक करून काढली, सदरा झटकून त्याची घडी केली आणि तो उशाशी ठेवला.

“अहो, वेळ झाली. उठा.”

“आता कुठल्या तोंडानं जाऊ?”

“तिथं कोण विचारणार आहे?”

“लछूभाई विचारतो की रोज. भगतजी, आज कौनसा भजन? आता काय सांगू, जरा गार फरशी दे?” आपल्याच बोलण्यावर तो हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली.

“मी बोलायला नको होतं,” कौसाबाई म्हणाली.

“तू नसती बोललीस तर मी बोललो असतो,” धोंडिबा म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “नसतो बोललो.”

तो खाटेवर आडवा झाला. ती काही वेळ उभीच राहिली. मग तिने धाग्यांचा केर बाजूला लोटला, एक पुठ्ठा घेतला आणि उशाशी बसून त्याला वारा घालू लागली. वर दोरीला पेटी किंचित हलली. तिने हात लगेच खाली घेतला.

“जरा वर घाल. तोंडावर येऊ दे,” डोळे मिटूनच तो म्हणाला.

“वर नको. मशीनला वारा लागेल.”

“हां,” तो म्हणाला आणि उशी सोडून खाली सरकला.

कौसाबाई पाठ वाकवून, हात आखडता घेऊन, त्याच्या छातीपुरताच वारा घालत राहिली.