कडूबाच्या उशाचं दावं

संपत गुरुजींची कादंबरी छापून आली तेव्हा तिच्यातून कडूबाला काय मिळेल, असं कुणी विचारलं असतं तर मी शून्य सांगितलं असतं. बाहत्तरच्या दुष्काळात हा गडी बायकोला, गोजरबाईला, न सांगता घरचा बैल आष्टीच्या बाजारात विकून, पैसे कमरेला बांधून पसार झालेला. कादंबरीतही तसाच; गुरुजींनी नाव तेवढं बदललं होतं. शिव्यांपलीकडं त्याच्या वाट्याला येणार तरी काय?

पण सतराव्या प्रकरणात गुरुजींनी त्याच्या उशाला दावं ठेवलं.

आमच्याकडं बैल विकला तरी दावं देत नाहीत. ते घरी आणून गोठ्यात टांगायचं, म्हणजे बरकत जात नाही. कादंबरीतला चोर परमुलखात ते उशाला घेऊन निजतो आणि बैलाच्या वासानं रडतो. वाचनालयात मी ते प्रकरण मोठ्यानं वाचलं, तर म्हातारे उपरण्यानं डोळे पुसू लागले. पाच वर्षं कडूबाला हलकट म्हणणारे तातेराव पाटीलसुद्धा म्हणाले, "मनानं वाईट नव्हता हो गडी."

एवढी दया वाया कशी जाईल? मंठ्याला जाऊन राहिलेल्या कडूबाला कुणीतरी खबर दिली, की गाव तुझ्यासाठी रडून राह्यलंय. महिन्याभरात त्यानं येऊन गोजरबाईच्या दारात वळकटी टाकली.

"घरात घे गं पोरी," तातेराव तिला म्हणाले. "ज्यानं दावं सोडलं न्हाई, तो तुला काय सोडतो?"

गोजरबाई तडक शाळेत गेली. मी गुरुजींजवळच बसलो होतो.

"गुरुजी, दावं कुणी आणलं?"

गुरुजी हातावरचा खडू झटकत राहिले.

"ह्यो तर दाव्यासगट बैल इकून गेल्ता. आष्टीला पायी मी गेल्ते. घेणाऱ्याच्या पाया मी पडले. उशाला घेऊन मी निजले. भाऊ समजून तुमाला एकट्याला सांगितलं व्हतं."

"आक्का, नायकाला काहीतरी चांगलं द्यावंच लागतं. नाहीतर वाचणारा त्याच्यासाठी हळहळत नाही."

"मंग तुमच्या पदरचं द्यायचं. माझंच घावलं का?"

"तुम्ही तर चांगल्याच होता," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला कमी पडणार नाही."

ती घरी गेली आणि गोठ्यातलं दावं काढून तिनं दारातच थांबलेल्या तातेरावांपुढं टाकलं. "बघा, हे माझ्यापाशी हाय. बिलकुल खोटं छापलंय."

तातेरावांनी ते कपाळाला लावलं. "बघा! इथंच टाकून गेल्ता बिचारा. जीव इथंच व्हता त्याचा."

कडूबानं तेवढ्यात डोळे पुसून घेतले. कोरडेच होते, पण पुसले.

खरं मला ठाऊक होतं. पण बोललो नाही; लोकांना अठरावं प्रकरण ऐकायचं होतं, आणि वाचणारा मी.

घर-शेत कडूबाच्या नावावर. "चोरासंगं एका छपराखाली ऱ्हाणार न्हाई," म्हणून गोजरबाईनं बोचकं बांधलं आणि घनसावंगीला माहेरी जायला जीप धरली. निरोपाला कुणी गेलं नाही. बाई फार कठोर निघाली, असं गावात ठरलं.

गुरुजींना पुण्याहून कौतुकाची पत्रं आली, तातेरावांना संसार जोडल्याचं पुण्य लागलं, मला वाहवा मिळाली. कडूबा तर बसल्या जागी घरदारासकट नायक झाला. येईल त्याला ते दावं दाखवतो. या सगळ्याचं मोल एकटीनं भरलं गोजरबाईनं, आणि तिच्या हातात दावंही उरलं नाही.